मेणवली दप्तर : खासगी रुमालांतील राज्यकारभार

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांची वर्गवारी करताना सरकारी दप्तर आणि खासगी दप्तर असे दोन भाग पाडण्याचा प्रघात जुना आहे. पुण्याचे पेशवे दप्तर पहिल्या भागात घालावयाचे आणि सरदार, वकील, सावकार, देशमुख यांच्या घराण्यांत सापडलेले कागद दुसऱ्या भागात ठेवावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. यादी करण्यापुरती ती सोयीची खरी. परंतु जे कागद मुळात असा भेद मनात धरून ठेवलेलेच नव्हते त्यांवर तो लादला म्हणजे कागदाचा अर्थ बदलतो, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. नाना फडणिसाचे मेणवली येथील दप्तर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. सातारच्या ऐतिहासिक संग्रहालयाच्या द्वारे हे दप्तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले व तेथे ते जतन झाले आहे. ते मेणवलीस का राहिले, तेथून कसे हलले, आणि आजच्या अभ्यासकाने ते कोणत्या दृष्टीने हाताळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मेणवली हे वाईजवळचे, कृष्णेच्या काठावरील लहानसे गाव. १७६८ साली ते सातारच्या पंतप्रतिनिधींकडून नानाकडे आले. नानाने तेथे वाडा बांधला, नदीला घाट घातला, देवालये उभारली. चिमाजी आप्पाच्या वसईच्या मोहिमेनंतर (१७३९) दक्षिणेत आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक येथे आहे, आणि आजचा प्रवासी बहुधा तीच पाहून परततो. इतिहासाच्या अभ्यासकाला या स्थळाचे महत्त्व निराळ्या कारणासाठी वाटावयास हवे. पुणे ही नानाच्या कर्तृत्वाची जागा, तर मेणवली ही त्याच्या विसाव्याची. आणि आश्चर्य असे की, राज्यकारभाराच्या कागदांचा इतका मोठा संचय कर्तृत्वाच्या जागी न टिकता विसाव्याच्या जागी टिकला.

राज्याचे कागद कारभाऱ्याच्या घरी कसे, हा प्रश्न आजच्या वाचकाला साहजिक पडतो. त्याचे उत्तर पेशवाईच्या दप्तरव्यवस्थेत आहे. हुजूर दप्तर पुण्यास होते. त्यात चालते दप्तर, एकबेरीज दप्तर अशी खाती होती आणि महालोमहालचे हिशेब तेथे येऊन नोंदले जात. या साऱ्यावर देखरेख फडणिसाची. वडील जनार्दन बल्लाळ १७५६ साली वारले तेव्हा हे पद वयाच्या पंधराव्या वर्षी नानाकडे आले. हिशेब तपासणे, सनदांवर नोंदी व तारखा घालणे, कागदांचा बंदोबस्त राखणे हे त्याचे मूळ काम. नानाच्या हाती मुत्सद्देगिरीची सूत्रे आली ती पुढे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा खून झाला, बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला. राज्याचा धनी पाळण्यात आणि कारभार फडणिसाच्या हाती, अशी स्थिती त्यानंतर अनेक वर्षे होती. वकिलाचे पत्र नावाने पेशव्यास गेले तरी त्यातील राजकारण उकलणारे पत्र नानास स्वतंत्र लिहिले जाई. दिल्ली, हैदराबाद, नागपूर, शिंद्यांची छावणी, कर्नाटकातील लष्करे यांचा पत्रव्यवहार ज्या एका माणसाभोवती फिरत होता, त्याच्या घरातील रुमाल उलगडणे म्हणजे राज्याचाच एक फड उघडणे होय. अशा कागदांना आपण ‘खासगी’ म्हणतो ते केवळ घरात सापडले म्हणून.

याची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत हुजूर दप्तराची आबाळ झाली. ज्याला राजकीय म्हणावे ते दप्तर विस्कटत होते आणि ज्याला घरगुती म्हणावे ते रुमालांत बांधलेले राहिले. मेणवलीच्या कागदांना दैवाचाही हात लागला असे म्हटले पाहिजे. ३१ डिसेंबर १७९७ रोजी पुण्यात शिंद्यांच्या छावणीत नानास दग्याने कैद करण्यात आले. पाठोपाठ त्याच्या व त्याच्या पक्षातील मंडळींच्या वाड्यांवर सर्जेराव घाटग्याची माणसे लुटीस धावली. अहमदनगरच्या किल्ल्यातून सुटून नाना पुन्हा कारभारात आला खरा, पण १३ मार्च १८०० रोजी त्याचा अंत झाला. मागे राहिलेली जिऊबाई ही कोवळ्या वयाची विधवा. लोहगडच्या आश्रयास गेलेल्या या बाईस १८०४ साली जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने पनवेलीस जाण्याची मोकळीक व वर्षास १२,००० रुपयांची नेमणूक मिळाली. पुढे तिचे वास्तव्य मेणवलीस झाले. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा कंपनी सरकारच्या ताब्यात पुण्याचे दप्तर गेले. मेणवलीचा वाडा एका पेन्शनदार विधवेचे घर म्हणून बाजूस राहिला. नानाच्या वैभवाच्या काळी हे घर एवढे दुर्लक्षित असते तर ते वाचले नसते, आणि त्याच्या पश्चात ते एवढे प्रसिद्ध असते तरीही वाचले नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या कागदांची जी हानी झाली तिचे कारण आपल्या लोकांची अनास्था असे सांगून मोकळे होण्याची चाल आहे. ती अर्धीच खरी आहे. १८५२ नंतर इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली, तेव्हा ज्या कागदावर वतन वा इनाम अवलंबून होते तो कागद प्रत्येक घराण्याने जिवापलीकडे जपला. सनद, निवाडपत्र, वाटणीपत्र यांना किंमत होती. पत्रांना ती नव्हती. चुलत्याने छावणीतून लिहिलेले चार हात लांबीचे पत्र कोणत्याही कचेरीत पुरावा म्हणून कामास येत नव्हते. ते मोडी वाचणाऱ्या पिढीबरोबर मुके झाले आणि माळ्यावर गेले. अनास्था होती, पण ती कागदांच्या सरकारी मूल्यावरून ठरली होती. पत्रांचे मोल ओळखणारी माणसे निराळ्याच वर्गातून पुढे आली. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे, वाईत आपला पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध करणारे राजवाडे, आणि साताऱ्याचे दत्तात्रेय बळवंत पारसनीस ही त्यांतील अग्रगण्य नावे.

पारसनिसांचा जन्म १८७० सालचा. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. संग्राहकाची विलक्षण चिकाटी मात्र होती. ‘महाराष्ट्र कोकिळ’ हे मासिक त्यांनी विशीच्या आत सुरू केले. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे त्यांनी लिहिलेले चरित्र १८९४ साली बाहेर पडले, आणि सत्तावनच्या बंडाविषयी मराठीत दबल्या आवाजात बोलले जाण्याच्या त्या काळात ते धाडसाचे होते. पुढे ‘भारतवर्ष’ आणि १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ या मासिकांतून त्यांनी मूळ कागद वाचकांच्या हाती दिले. दिल्लीहून आलेला मराठी वकिलांचा पत्रव्यवहार त्यांनी १९१३-१४ मध्ये ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ या नावाने दोन भागांत छापला. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याच्या साह्याने तीन खंडांत निघालेला मराठ्यांचा इंग्रजी इतिहास हेही त्यांच्या संग्रहाचेच फळ. घराण्यांचा विश्वास संपादन करण्याची हातोटी, संस्थानिक आणि गोरे अधिकारी या दोघांकडेही असलेली ये-जा आणि जुन्या वस्तूंची पारख, या तीन गुणांनी मेणवलीचे दप्तर त्यांच्या हाती आले. राजवाड्यांची तीक्ष्ण बुद्धी किंवा खऱ्यांची चिकित्सक शिस्त त्यांच्यात नव्हती, असे काहीसे तुच्छतेने लिहिण्यात येते. तुलना चुकीची नसली तरी ती अपुरी आहे. राजवाड्यांना जेथे भांडण करून परतावे लागले असते तेथून पारसनीस गाडीभर रुमाल घेऊन येत.

या संग्रहासाठी १९२५ साली साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय सुरू झाले. कागदांबरोबर चित्रे, नकाशे आणि हस्तलिखिते अशी नाना प्रकारची सामग्री तेथे एकत्र आली. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १९२६ रोजी, पारसनीस निवर्तले. ज्याच्या स्मरणात प्रत्येक रुमालाचा वृत्तान्त होता तो माणूस गेला आणि संग्रहालय उरले. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेच्या रूपाने पुन्हा उघडले तेव्हा हा संग्रह सरकारने साताऱ्याहून पुण्यास तेथे हलविला. त्या संस्थेत मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापन व संशोधन त्र्यंबक शंकर शेजवलकर यांजकडे होते. त्यांच्यासारखा जाणता वाचक त्या कागदांना लाभला ही गोष्ट लहान नव्हे. तरीही सातारकरांची तक्रार अगदीच पोकळ होती असे नाही. मेणवली, वाई, सातारा ही स्थळे एका दिवसाच्या टापूत येतात. पत्रांतील गावे, ओढे, घाट, घराणी, आडनावे तेथल्या माणसाला पाठ असतात, आणि मोडीतील संदिग्ध अक्षर पुष्कळदा व्याकरणाने सुटत नाही ते गावाच्या नावाने सुटते. कागदांची सुरक्षितता पुण्यात वाढली. त्यांचा शेजार मात्र तुटला. अभ्यासकांची सोय आणि कागदांचे ठिकाण यांपैकी एकाची निवड करणे भाग असेल तर प्रस्तुत लेखक पुण्याच्याच बाजूने मत देईल, परंतु त्या निवडीची किंमत काय होती हे विसरून नव्हे.

शेजार तुटण्याचा दुसरा आणि अधिक गंभीर प्रकार छपाईत घडला. आपल्याकडे मोठमोठ्या दप्तरांतील कागद निवडून छापण्याची जी परंपरा पडली ती विषयवारीची होय. वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशींतून केलेल्या निवडी विषयांनुसार लावलेल्या आहेत. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अल्पावधीत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढले, तेही प्रकरणवार आहेत. शेजवलकरांनी मेणवली दप्तरातून निवडलेला नागपूरसंबंधीचा पत्रव्यवहार १९५४ आणि १९५९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. येथेही नागपूर हा विषय धरूनच निवड झाली. या विद्वानांचे ऋण मोठे आहे, आणि लाखो कागदांच्या राशीपुढे बसलेल्या माणसाने दुसरे काय करावयाचे होते, हा प्रश्नही रास्त आहे. परंतु विषयवार निवडीत एक प्रमाण हातचे जाते. कोणता कागद कोणत्या कागदाबरोबर बांधला होता, हे ते प्रमाण.

रुमाल म्हणजे नुसते फडके नव्हे. ज्या कारकुनाने तो बांधला त्याने त्यात काय एकत्र ठेवावे याचा काही विचार केलेला असतो. एका वकिलाची वर्षभराची पत्रे, त्यांना पाठविलेल्या उत्तरांचे मसुदे, त्याच दरबारातून मिळालेल्या बातम्यांच्या नकला, वकिलाच्या नेमणुकीचा हिशेब, मध्येच त्याच्या घरच्या लग्नाचे निमंत्रण आणि कोणास औषध पाठविल्याची चिठ्ठी, अशी मिश्र सामग्री एका गाठीत असू शकते. विषयवार निवड करणारा संपादक त्यातून राजकीय पत्र उचलतो. हिशेब आर्थिक इतिहासासाठी बाजूस ठेवला जातो आणि निमंत्रण तर कोणीच उचलत नाही. मग वकिलाची नेमणूक सहा महिने थकली असताना त्याने दरबारातील बातमी तिखटमीठ लावून का लिहिली, हे कळण्याचा मार्ग राहत नाही. राजकीय पत्राचा भाष्यकार त्या थकलेल्या नेमणुकीच्या हिशेबात बसलेला असतो.

पुरवणीच्या बाबतीत ही अडचण सर्वांत अधिक जाणवते. अठराव्या शतकातील जाणता पत्रलेखक मुख्य पत्रात मायना, कुशल आणि सांगण्यासारखा मजकूर लिही. नाजूक किंवा तपशिलाचा मजकूर निराळ्या बंदावर पुरवणी म्हणून जोडी. पुरवणीस लांब मायना नसतो, पुष्कळदा तारीख नसते, काही वेळा नावही नसते. विनंतीचे ठराविक शब्द येतात आणि एकदम मजकुरास सुरुवात होते. खरे राजकारण या पुरवण्यांतच असते. मुख्य पत्र आणि पुरवणी एका घडीत असतील तोवर त्यांचे नाते स्पष्ट असते. एकदा ती वेगळी झाली म्हणजे पुरवणी हा मालक नसलेला कागद होतो, आणि मुख्य पत्र हे कुशलप्रश्नांचे पोकळ टरफल उरते. हस्ताक्षर, कागदाची जात, घडीच्या खुणा, बंदांच्या जोडावरील निशाणी यांवरून ही जोडी पुन्हा जुळविता येते. मात्र त्यासाठी मूळ कागद समोर लागतात, छापील पान उपयोगाचे नाही. अनेक छापील संग्रहांत जागेच्या बचतीसाठी मायनाही गाळलेला आहे. मायन्यावरून लेखक आणि ज्यास पत्र आले तो यांचा दर्जा, नाते व त्या घडीचे परस्परांविषयीचे धोरण कळत असते. अखंडित लक्ष्मी अलंकृत म्हणून आरंभ करणारा आणि नुसते राजमान्य राजश्री म्हणणारा हे दोघे एकाच पायरीवर उभे नाहीत.

कालनिर्णयाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. या पत्रांवर बहुधा मुसलमानी चांद्र महिना व त्यातील चंद्र एवढेच असते. वर्ष असले तर ते अरबी संख्याशब्दांत, सुहूर सनाचे. इसन्ने सबैन मया व अलफ म्हणजे ११७२, इसवी १७७१-७२. हा सन मृगापासून बदलतो. परंतु नित्य परिचयाच्या माणसास लिहिताना वर्ष घालण्याची गरज कोणास वाटणार? नानास दर चार दिवसांनी पत्र धाडणारा वकील वर्ष घालीत नाही, ही त्याची चूक नव्हे. आपण त्याचे अपेक्षित वाचक नव्हतो. अशा वेळी चांद्र महिना आणि ऋतू यांची सांगड घालावी लागते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने प्रत्येक महिना ऋतुचक्रातून मागे सरकत असतो व सुमारे तेहतीस वर्षांनी पूर्वस्थळी येतो. नारायणरावाच्या खुनाच्या वर्षी, १७७३ मध्ये, जमादिलाखर महिना २० ऑगस्टच्या सुमारास लागला. अकरा वर्षांनी, १७८४ मध्ये, तोच महिना २२ एप्रिलच्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात आला. म्हणून नानास आलेल्या एखाद्या पत्रावर नुसते जमादिलाखर असेल आणि आत नद्यांना पूर असल्याचा, नावा न मिळाल्याचा मजकूर असेल, तर ते पत्र साधारणपणे १७७१ ते १७८० या काळातील मानले पाहिजे. त्यापुढे हा महिना पावसाळ्यात यावयास नाना हयात उरत नाही.

दहा वर्षांचा हा टप्पा आणखी आकसतो तो पैवस्तीने. पत्र पावल्याची तारीख कारकून कागदावर टिपून ठेवी, तिला पैवस्ती म्हणत. लिहिल्याचा चंद्र आणि पावल्याचा चंद्र यांतील अंतरावरून डाक किती दिवसांत आली, वाटेत छावण्या होत्या की रस्ता मोकळा होता, आणि निर्णय घेताना नानापुढे किती शिळी बातमी होती, हे समजते. १७७६ सालचा पुरंदरचा तह किंवा १७८२ सालचा सालबाईचा तह यांच्या वाटाघाटींचा अर्थ लावताना या शिळेपणाकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. मुत्सद्द्याच्या धूर्तपणावर पानेच्या पाने लिहिली जातात. त्याच्यापुढील बातमी किती दिवसांची होती याचा उल्लेख एका ओळीत होतो किंवा होतही नाही.

मग नानाचे खरोखरीचे वैयक्तिक कागद कोणते? या प्रश्नाला सर्वांना परिचित असे उत्तर म्हणजे त्याचे लहानसे आत्मचरित्र. ब्रिग्जने त्याचे इंग्रजी भाषांतर करून १८३० च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले, आणि तेव्हापासून परकीयांनाही ते ठाऊक आहे. बालपणीची देवपूजेची ओढ, तारुण्यातील मनाची चंचलता, पानिपतची वाताहत, तेथे झालेली आईची ताटातूट आणि स्वतःचा जीव वाचवून केलेला परतीचा प्रवास, हे सारे त्यात विलक्षण निर्भीडपणे आलेले आहे. अठराव्या शतकातील मराठी मुत्सद्द्याने स्वतःविषयी असे लिहावे हे अपूर्वच. परंतु ते पानिपतानंतर लवकरच थांबते. ज्या नानाला इतिहास ओळखतो त्या नानाविषयी त्यात अवाक्षर नाही. कारभार हाती येताच आत्मचरित्र बंद पडले आणि त्याची जागा रुमालांनी घेतली, असे म्हणता येईल. पुढील सव्वीस वर्षांचा नाना पाहावयाचा तर मसुद्यांतील खाडाखोडीत, एखादे वाक्य काढून त्याजागी घातलेल्या सौम्य वाक्यात, उत्तर न देता ठेवलेल्या पत्राच्या घडीत पाहिला पाहिजे. खाडाखोड छपाईत उतरत नाही. संपादक शेवटचा पाठ देतो, आणि तेच योग्य आहे. पण आधीचा पाठ हा माणसाच्या मनाचा असतो व शेवटचा त्याच्या पदाचा. खासगी आणि सरकारी यांची सीमा कोठे असेल तर ती एकाच कागदावरील या दोन पाठांच्या मध्ये आहे.

नानाच्या रुमालांत आलेली पत्रे अस्सल आहेत, गेलेली पत्रे मसुदे वा नकला आहेत, हे तर उघडच आहे. गेलेल्या पत्रांचे अस्सल ज्याच्या त्याच्या घरी शोधावे लागते. पटवर्धन सरदारांकडे गेलेली पुष्कळशी पत्रे खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त मिरजेच्या दप्तरावरून छापली. खरे हे १८९२ साली नानाचे चरित्र लिहिणारेही होते, त्यामुळे त्यांच्या टिपा विशेष मोलाच्या आहेत. मेणवलीच्या मसुद्याशेजारी खऱ्यांचा छापील पाठ ठेवून ओळीशी ओळ ताडून पाहण्याचे काम एका विद्यार्थ्यास दोन-तीन वर्षे सहज पुरेल. त्यास मोडी चांगली वाचता आली पाहिजे, चांद्र महिन्यांचे कोष्टक जवळ पाहिजे, आणि रुमाल सोडताना कागदांचा मूळ क्रम टिपून ठेवून मगच घडी उलगडण्याची सवय पाहिजे. हैदराबाद आणि शिंदे या दोन प्रकरणांपेक्षा पटवर्धनांच्या प्रकरणापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तेथे दुसरी बाजू छापून तयार आहे.